दूरदर्शनचा जुना ॲन्टेना स्कॅनरला जोडताना

गच्चीवर गंजत पडलेला दूरदर्शनचा यागी ॲन्टेना (एका दांड्यावर ओळीने कांड्या असलेला) स्कॅनरला, म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी ऐकायच्या रेडिओला, किंवा आरटीएल-एसडीआर डोंगलला (संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरला) उत्तम कामी येतो, पण आहे तसा जोडून नाही. टीव्हीसाठी त्याच्या कांड्या आडव्या बसवलेल्या असतात. हॅम म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले. त्यांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राच्या, म्हणजे रिपीटरच्या, लहरी मात्र उभ्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या. कांड्या आडव्याच ठेवल्या तर 20 डेसिबलपर्यंत सिग्नल वाया जातो, म्हणून आधी त्या उभ्या करायच्या.

बहुतेकांचं फसतं ते इथेच. बूमच्या (कांड्या बसवलेल्या आडव्या दांड्याच्या) मधोमध कसलेला लोखंडी पाइप आता कांड्यांना समांतर येतो आणि आपणच एक कांडी बनून रिसेप्शन बिघडवतो. क्लॅम्प बूमच्या मागच्या टोकाला, रिफ्लेक्टरच्याही (सगळ्यात मागच्या लांब कांडीच्याही) मागे घ्या. नाहीतर वरचा दीड मीटर पीव्हीसी पाइप किंवा बांबू लावा. केबलही बूमवरून मागे नेऊनच खाली सोडा.

मग फोल्डेड डायपोलची, म्हणजे केबल जोडलेल्या दुमडलेल्या कांडीची, लांबी मोजा. 143 ला मीटरमधल्या लांबीने भागलं की तो ज्या फ्रीक्वेन्सीला जुळतो तिचे साधारण मेगाहर्ट्‌झ मिळतात: 2.2 मीटरला 65, 75 सेंटिमीटरला 190. हॅमचा दोन मीटर बँड 144 ते 146 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे दोन्हींपासून लांबच. जवळचे सिग्नल तरीही येतील. पण मोठा ॲन्टेना असेल तर नळ्या कापाच. फोल्डेड डायपोलच्या जागी 48 सेंटिमीटरचे दोन तुकडे, मध्ये 2 सेंटिमीटर फट, बूमपासून प्लास्टिकने वेगळे. मागे 41 सेंटिमीटरवर 1.03 मीटरचा रिफ्लेक्टर. आता 300 ते 75 ओहमचा बलून (ॲन्टेना आणि केबल जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लागत नाही. आरजी-6 ची (टीव्हीच्या नेहमीच्या केबलची) मधली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. स्क्रूखालचं ॲल्युमिनियम पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि जोड पावसाआधी नीट सील करा. जाळीत पाणी शिरलं की केबल बदलण्यावाचून इलाज नाही.

केबल 75 ओहमची, स्कॅनर 50 ओहमचा, याची चिंता सोडा, नुकसान 0.2 डेसिबलही नाही. खरा शत्रू टीव्हीचा बूस्टर. तो 88 ते 108 मेगाहर्ट्‌झची एफएम स्टेशनंही फुगवतो आणि भलत्याच फ्रीक्वेन्सीवर गाणी वाजू लागतात. नुसती वीज तोडून भागत नाही, तो काढूनच टाका. तरी गाणी आलीच तर गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) कमी करा, शहरात एफएम नॉच फिल्टर (एफएमचा पट्टा अडवणारा) लावा.

पोलीस किंवा लष्कराच्या वाटेला जाऊ नका, ते ऐकणं गुन्हा ठरू शकतं. सरावाला हॅम बँड भरपूर आहे. विजा चमकू लागल्या की केबल स्कॅनरपासून काढून ठेवा.