घरातली खोली भाड्याने दिलीय? टॅक्सचा हिशोब असा करा

भाडं कॅशमध्ये घ्या नाहीतर यूपीआयवर, एक खोली द्या नाहीतर अख्खा मजला, ते घरभाड्याचं उत्पन्नच आणि ते रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. पण घाबरायचं काही नाही, कारण पूर्ण भाड्यावर टॅक्स लागत नाही. घरपट्टी आणि होम लोनचं व्याज यातलं किती वजा होणार ते घराचा केवढा भाग दिलाय त्यावर ठरतं, आणि नेमकं तेच मोजायचं लोक विसरतात.

म्हणून आधी टेप घ्या. भाड्याने दिलेला भाग आणि तुमचा राहता भाग ही टॅक्सच्या हिशोबात दोन वेगळी घरं धरतात. समजा घर ९०० स्क्वेअर फूट आहे आणि दिलेली खोली बाथरूम धरून ३०० ची, म्हणजे एक तृतीयांश. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

आता भाडं महिना १०,००० म्हणजे वर्षाचे १,२०,०००. घरपट्टी अख्ख्या घराची १२,००० भरलीत तर त्यातले ४,०००च वजा होणार, आणि तेही तुम्ही स्वतः आणि त्याच वर्षात भरले असतील तरच, भाडेकरूने भरलेली घरपट्टी चालत नाही. (मी पहिल्या वर्षी पूर्ण घरपट्टी वजा करून मोकळा झालो होतो, मग रिवाइज्ड रिटर्न भरत बसलो.) राहिले १,१६,०००. त्यातून सरळ ३० टक्के वजा, म्हणजे ३४,८००. ही सूट एक रुपया खर्च न करताही मिळते, बिलं लागत नाहीत, पण मग रंगकाम, नळदुरुस्ती, एजंटचं कमिशन हे वेगळं मागायचं नाही, सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. उरले ८१,२००.

होम लोन असेल तर खरी गंमत इथे आहे. वर्षाचं व्याज १,५०,००० असेल तर एक तृतीयांश म्हणजे ५०,००० भाड्यातून वजा होतात आणि टॅक्सला उरतात फक्त ३१,२००. बाकीचं १,००,००० व्याज तुमच्या राहत्या भागाचं, जुन्या रेजिममध्ये (म्हणजे टॅक्स मोजायच्या जुन्या पद्धतीत) त्याला २ लाखांच्या मर्यादेत सूट मिळते, नव्या रेजिममध्ये शून्य. आणि नव्या रेजिममध्ये भाड्यापेक्षा व्याज जास्त होऊन तोटा आला तरी तो पगारातून वजा करता येत नाही, त्यामुळे मोठं लोन असेल तर दोन्हीकडून हिशोब करून बघा, नवं म्हणजे फायद्याचंच असं धरून चालू नका.

काही जण भाडं 'बिझनेस' म्हणून दाखवून वीज, फर्निचर सगळा खर्च टाकायचे, ती पळवाट २०२४ च्या बजेटने बंद केली. जेवणखाण देऊन पीजी ठेवत असाल तर मात्र जेवणाचे पैसे म्हणजे भाडं नाही, त्यावर ३० टक्के सूट लावू नका, तो हिशोब वेगळा. कलमांचे नंबर मुद्दाम देत नाहीये, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि नंबर बदलले.

'कोणाला कळतंय' म्हणणाऱ्यांसाठी: भाडेकरू नोकरी करत असेल, एचआरए (पगारातला घरभाडं भत्ता) घेत असेल आणि भाडं वर्षाला १ लाखाच्या वर असेल तर तो ऑफिसात तुमचा पॅन नंबर देतो. तुम्ही गप्प बसलात तरी तिकडून कळतंच. महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तर भाडेकरूला २ टक्के टीडीएसही (तुमच्या नावाने भाड्यातूनच आधी कापून भरायचा टॅक्स) कापावा लागतो (ऑक्टोबर २०२४ आधी ५ होता), पण एका खोलीला एवढं भाडं कोण देतंय.

घर नवराबायको दोघांच्या नावावर असेल तर भाडंही ज्याच्या त्याच्या हिश्श्याने दोघांच्या रिटर्नमध्ये जातं, ज्याचा पगार कमी त्याच्या नावावर सगळं ढकलता येत नाही.

डिपॉझिट परत द्यायचं असतं म्हणून ते उत्पन्न नाही. पण भाडेकरू दोन महिने भाडं न देता गेला आणि तुम्ही ते डिपॉझिटमधून कापून घेतलंत, तर ते भाडंच झालं, ते वरच्या हिशोबात धरा.