हळद पिवळी, बाकी सगळं कृष्णधवल: फोटोत एकच रंग कसा राखावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना काढलेला एखादा फोटो समोर घ्या. पुढे हळकुंडांचा ढीग, ढिगात हात घातलेला माणूस, मागे गोण्यांची थप्पी, कडेला निळं प्लॅस्टिक आणि गर्दीत कुणाचा तरी लालभडक शर्ट. फोटो हळदीचा, पण नजर आधी शर्टावर जाते, मग प्लॅस्टिकवर, आणि हळदीवर सगळ्यात शेवटी. अशा फोटोत हळद पिवळी ठेवून बाकीचं काळं-पांढरं केलं, तर पाहणाऱ्याला कुठे बघायचं ते लगेच कळतं.

हे काम जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कसं करायचं ते इथे सविस्तर दिलं आहे. फोटोशॉप आणि मोबाइलचा मार्ग शेवटी थोडक्यात येईल. एक गोष्ट आधीच पक्की करा: रंग कुठेही पुसायचा नाही, तो फक्त झाकायचा. तसं केलं की झालेली कोणतीही चूक नंतर दुरुस्त करता येते.

कोणता फोटो घ्यावा, कोणता सोडून द्यावा

राखायचा रंग चित्रात एकाच ठिकाणी, मोजक्या जागेत असावा आणि फोटोचा विषयही तोच असावा. पाचगणीच्या स्ट्रॉबेरीची पाटी हा सरावासाठी सर्वांत सोपा फोटो आहे. लाल फळ आणि हिरवी पानं रंगचक्रावर एकमेकांपासून लांब असल्यामुळे सॉफ्टवेअरला ती सहज वेगळी काढता येतात. कासच्या पठारावरचा गुलाबी तेरडाही हिरव्या गवतातून असाच सुटतो. मात्र तिथे हजारो बारीक फुलं असतात, म्हणून ब्रश हातात न घेता रंगावरूनच निवड करायची. पिवळ्या सोनकीला जास्त त्रास होतो, कारण गवत वाळायला लागलं की तेही पिवळंच दिसतं.

पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतानाचा फोटो या कामाला घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. हवा, कपडे, चेहरे, पायऱ्या सगळंच पिवळं झालेलं असतं. राखायचं काय आणि झाकायचं काय, हा प्रश्नच उरत नाही. तो फोटो पूर्ण रंगात ठेवावा.

हळदीचा फोटो या दोन्हींच्या मधला, म्हणजे अवघड पण जमणारा आहे. अवघड यासाठी की हळद, माणसाची त्वचा आणि तागाची गोणी या तिघांचा मूळ रंग नारिंगी-पिवळ्याच्या एकाच पट्ट्यात येतो.

फोटो मूळ फाइलमधूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत चालणार नाही, पाठवणाऱ्याला ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. याचं कारण पुढे कडांच्या भागात आहे.

पहिलं काम: दोन लेयर

फोटो उघडा आणि 'लेयर' मेनूतून 'डुप्लिकेट लेयर' करा (शिफ्ट-कंट्रोल-डी). आता एकावर एक असे सारखेच दोन लेयर, म्हणजे चित्राचे थर, झाले. वरच्याला 'काळा-पांढरा' आणि खालच्याला 'रंगीत' असं नाव द्या. नाव द्यायचा कंटाळा करू नका, पुढे कोणता लेयर निवडलेला आहे यावरूनच निम्मे घोटाळे होतात.

'इमेज' मेनूत 'मोड' खाली 'ग्रेस्केल' असा पर्याय दिसतो. तो वापरू नका. त्याने संपूर्ण फाइलच राखाडी होते, खालच्या लेयरचा रंगही जातो आणि मग राखायला काहीच उरत नाही.

काळं-पांढरं नीट करणं

बहुतेक जण रंग काढून टाकणारा 'डीसॅच्युरेट' हा पर्याय दाबून पुढे जातात आणि चित्र मळकट का दिसतं ते त्यांना कळत नाही. त्यातल्या 'ल्युमिनन्स' पद्धतीत सॉफ्टवेअर हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २२ टक्के आणि निळ्याला जेमतेम ६ टक्के वजन देतं. सर्वसाधारण फोटोला हे ठीक आहे, पण इथे राखाडी भागाचा टोन आपल्या हातात हवा.

त्यासाठी वरचा लेयर निवडून 'कलर्स', 'डीसॅच्युरेट', 'मोनो मिक्सर' असं जा. तिथे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलचे तीन आकडे असतात, सुरुवातीला प्रत्येकी ०.३३३. हळदीच्या फोटोसाठी लाल ०.५०, हिरवा ०.४०, निळा ०.१० इथून सुरुवात करा. तिन्हींची बेरीज १ ठेवा. तेवढं पाळलं की पांढरा सदरा आणि टोपी कोणत्याही मिश्रणात पांढरीच राहते.

लालचा आकडा वाढवला की त्वचा उजळते आणि तिच्यावरचे डाग दिसेनासे होतात. निळा वाढवला की त्वचा काळवंडते, खरखरीत दिसते. निळा कमी ठेवण्याचा दुसराही फायदा आहे: ते निळं प्लॅस्टिक गडद होऊन मागे सरतं. पण लाल ०.५० वर ठेवला की लाल शर्टही फिकट राखाडी होतो आणि पुन्हा डोळ्यात भरतो. शर्ट मोठा असेल तर लाल ०.३० आणि हिरवा ०.६० करून पाहा. चेहरा थोडा गडद होईल, पण शर्ट गप्प बसेल. दोन्ही एकदम साधत नसेल तर चेहऱ्याला झुकतं माप द्या.

जिंप ३.० मध्ये हा बदल लेयरवर फिल्टर म्हणून राहतो आणि आकडे नंतर बदलता येतात. २.१० मध्ये तो कायमचा लागू होतो, म्हणून तिथे आकडे घाईने नक्की करू नका.

हळद निवडणं

आता खालचा रंगीत लेयर निवडा. हे विसरलात तर सॉफ्टवेअर वरच्या राखाडी लेयरमध्ये रंग शोधत बसेल आणि निवड भलतीकडेच होईल. 'सिलेक्ट बाय कलर' हे टूल घ्या (शिफ्ट-ओ). त्याच्या पर्यायांत 'सॅम्पल मर्ज्ड' (सगळे लेयर एकत्र धरणारा पर्याय) बंद असू द्या आणि 'सिलेक्ट बाय' मध्ये 'एलसीएच क्रोमा' निवडा.

हा पर्याय बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, पण हळदीच्या फोटोत तोच कामाला येतो. हळद, हात आणि गोणी यांचा रंग जवळचा असला तरी रंगाची तीव्रता सारखी नसते. पॉलिश केलेली हळद गडद पिवळी, तर ताग फिकट आणि मळकट. क्रोमा म्हणजे हीच तीव्रता. त्याच यादीत 'एचएसव्ही सॅच्युरेशन' आहे, पण ते टाळा. अंधाऱ्या सावलीत त्याचा आकडा उगाच वाढतो आणि गोण्यांमधल्या काळ्या फटीसुद्धा निवडल्या जातात.

ढिगाच्या मध्यम उजेडातल्या भागावर क्लिक करा आणि बटण न सोडता माउस उजवीकडे ओढा. ओढाल तसा 'थ्रेशोल्ड', म्हणजे किती फरकापर्यंतचं निवडायचं ती मर्यादा, वाढतो आणि निवड पसरते. १५ पासून सुरुवात करून ३० च्या आसपास बघा. सुटलेल्या जागा शिफ्ट दाबून क्लिक करत जोडा. लाल शर्टही तीव्र रंगाचा असल्यामुळे कदाचित निवडीत येईल. त्याची काळजी नको. 'फ्री सिलेक्ट' घ्या (एफ), मोड 'इंटरसेक्ट' करा आणि ढिगाभोवती सैलसर फेरी मारून एंटर दाबा. फेरीबाहेरचं सगळं गळून पडेल.

पॉलिश न झालेली हळकुंडं असतील तर ही युक्ती अर्धीच चालेल. त्यांची साल तपकिरी असते आणि तिची तीव्रता गोणीइतकीच भरते. तिथे फ्री सिलेक्टने हातानेच बाह्यरेषा काढा.

यानंतर निवडीची कड मऊ करायला 'सिलेक्ट' मेनूतून 'फेदर' करून २ पिक्सेल द्या. हा आकडा १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोसाठी आहे. फोटो लहान असेल तर १ पुरे.

मास्क लावणं

मास्क म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसावा आणि कोणता लपावा ते ठरवणारा पडदा.

१. वरचा काळा-पांढरा लेयर निवडा.
२. 'लेयर', 'मास्क', 'अ‍ॅड लेयर मास्क' असं जा.
३. 'सिलेक्शन' निवडा, खाली 'इन्व्हर्ट मास्क' वर टिक करा आणि मास्क लावा.
४. 'सिलेक्ट', 'नन' करून निवड सोडा (शिफ्ट-कंट्रोल-ए).

हळद लगेच पिवळी दिसेल. मास्कवर जिथे पांढरं तिथे वरचा राखाडी लेयर दिसतो, जिथे काळं तिथे तो लपतो आणि खालचा रंग वर येतो. मधली राखाडी छटा म्हणजे अर्धवट रंग.

चौथी पायरी गाळली की ब्रश फक्त निवडीच्या आतच चालतो आणि 'ब्रश बिघडला' असं वाटतं. ब्रशने चित्रावरच काळे डाग पडत असतील तर मास्कऐवजी लेयर निवडला गेला आहे. कंट्रोल-झेड करा आणि लेयरच्या यादीत मास्कच्या छोट्या चौकोनावर क्लिक करा. आणि काहीच घडत नसेल, तर ब्रशचा रंग आणि ओपॅसिटी (रंग किती दाट उतरतो ते) तपासा. डी दाबल्यावर काळा-पांढरा येतो, एक्स दाबल्यावर दोन्हींची अदलाबदल होते.

मास्क कसा झालाय ते पाहायला त्याच्या चौकोनावर ऑल्ट धरून क्लिक करा. काळ्यात पांढरे ठिपके विखुरलेले दिसतील. 'फिल्टर्स', 'ब्लर', 'मीडियन ब्लर' मध्ये त्रिज्या २ किंवा ३ ठेवली की ते जातात आणि मोठ्या कडा शाबूत राहतात. पुन्हा ऑल्ट-क्लिक करून चित्रावर या.

कडा आणि हात

इथे घाई करू नका, खोटेपणा सर्वांत आधी कडांवरच उघडा पडतो. फोटो २०० टक्के मोठा करून ढिगाच्या कडेने फिरा. पिवळा बाहेर सांडला असेल तर पांढऱ्या ब्रशने झाका, राखाडी आत शिरला असेल तर काळ्या ब्रशने उघडा. ब्रशचा आकार चौकोनी कंसांच्या कळांनी कमी-जास्त होतो. ब्रशचा मऊपणा फोटोच्या कडेशी जुळवा: स्पष्ट फोकसमधल्या हळकुंडाला हार्डनेस ७५ ते ८०, मागे धूसर झालेल्या कडेला २५. सगळीकडे एकच ब्रश चालवला की ढीग कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

हळकुंडाबाहेर एक-दोन पिक्सेलची पिवळी किनार उरत असेल तर दोष बहुधा तुमच्या हाताचा नाही. बऱ्याच जेपेग फाइलींत उजेडाची माहिती पूर्ण बारकाईने साठवलेली असते, पण रंगाची माहिती रुंदी-उंचीत निम्म्या बारकाईने. त्यामुळे रंग वस्तूच्या बाहेर थोडा ओघळतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या दाबलेल्या प्रतीत तो आणखी पसरलेला दिसतो. मूळ फाइल मागायची ती याचसाठी.

आता हात. बोटांवर हळदीची पूड असते आणि ढिगाचा पिवळा उजेडही त्यांवर पडलेला असतो. हात पूर्ण राखाडी केला तर तो त्या ढिगात नसल्यासारखा वाटतो, पूर्ण रंगीत ठेवला तर नजर हाताच्या कातडीवर अडकते. काळ्या ब्रशची ओपॅसिटी ४० करा, बोटांच्या टोकांवर एक हात फिरवा आणि मनगटाकडे जाताना २० वर आणा. न उचलता कितीही घासलं तरी एका फटक्यात रंग तेवढाच उतरतो. जास्त हवा असेल तर बटण सोडून पुन्हा फिरवा.

ढिगाखालच्या फरशीवर किंवा बारदानावरही पिवळी झाक असते. तिथे १५ ते २० टक्के रंग राहू द्या, म्हणजे ढीग जमिनीवर टेकलेला वाटतो.

शेवटी हळदीचा रंग वाढवायचा मोह होईल. वाढवू नका. आजूबाजूला राखाडी असला की तोच पिवळा डोळ्यांना आधीपेक्षा गडद भासतो. उलट खालच्या लेयरवर 'ह्यू-सॅच्युरेशन' मध्ये सॅच्युरेशन ५ ते १० ने कमी केलं तर हळद अधिक खरी दिसते.

फोटोशॉप आणि मोबाइल

फोटोशॉपमध्ये लेयरची प्रत करावी लागत नाही. 'ब्लॅक अँड व्हाइट' हा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका, तो मास्क घेऊनच येतो. त्यात सहा रंगांचे स्लायडर असतात, त्यामुळे लाल शर्ट आणि चेहरा वेगवेगळे सांभाळणं थोडं सोपं जातं. आधी 'कलर रेंज' ने हळद निवडून हा लेयर टाकला तर मास्क उलटा येतो. मास्क निवडून कंट्रोल-आय दाबा.

मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये आधी 'ब्लॅक अँड व्हाइट' लावा. मग केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन त्या बदलावर टॅप करा आणि ब्रशने तो हवा तिथेच रंगवा. स्ट्रॉबेरीच्या पाटीसाठी एवढं पुरतं. हळदीत घातलेली बोटं मात्र बोटाने नीट रंगवता येत नाहीत. त्यासाठी संगणकच हवा.

जतन आणि छपाई

फाइल आधी एक्ससीएफ या जिंपच्या स्वतःच्या प्रकारात जतन करा, त्यात लेयर आणि मास्क शाबूत राहतात. पाठवायची प्रत 'एक्सपोर्ट' मधून जेपेग काढा: क्वालिटी ९० आणि प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती बारकाईने साठवायची ते) ४:४:४. ते ४:२:० ठेवलं तर मेहनतीने साफ केलेल्या कडांवर पिवळा पुन्हा ओघळेल.

स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम वाचा. निसर्ग आणि वृत्त-छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धांत असा बदल चालत नाही. फोटो स्टुडिओत छापायचा असेल तर आधी ४ बाय ६ इंचाची एक प्रत काढून घ्या. रंगीत छपाईत राखाडीसुद्धा रंगांच्या मिश्रणातूनच तयार होतो, त्यामुळे तो किंचित हिरवट किंवा जांभळट येऊ शकतो. पूर्ण रंगीत फोटोत ते लक्षात येत नाही, इथे पिवळ्याशेजारी लगेच दिसतं. तसं झालं तर प्रत दाखवून तिथल्या ऑपरेटरला रंगाचा तोल दुरुस्त करायला सांगा आणि मगच मोठी प्रत छापा.