पातळ पत्र्यासाठी छोटं वेल्डिंग मशीन घेताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे कूलरची कामं निघतात. गंजलेला तळ बदलायचा, स्टँडचा पाय जोडायचा. त्यासाठी पुष्कळ जण स्वतःचं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतात आणि दुकानात आधी एकच विचारतात, "भाऊ, कितला अँपियरनं शे?"

पहिली चूक इथेच होते. १८ गेजचा पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड. त्याला २ मिमीचा रॉड आणि ४०-५० अँपियर पुरे. मीही पहिलं मशीन खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेतलं होतं. ६० च्या खाली आर्क (रॉड आणि पत्र्यामधली ज्योत) टिकेना, ६० वर नेलं की पत्र्याला भोक. म्हणून मशीन खाली किती उतरतं ते बघा. २ मिमीचा रॉड आणि पत्र्याचा तुकडा सोबत न्या, दुकानातच ४० वर चालवून मागा. चालवू देत नसतील तर दुसरं दुकान गाठा.

२० गेज किंवा त्याहून पातळ काम रोजचं असेल तर रॉडच्या नादी लागू नका. बिनगॅसची वायर चालवणारं छोटं मिग (रॉडऐवजी रिळावरची वायर आपोआप पुढे सरकवणारं मशीन) बरं, ०.८ मिमी वायरचं. मात्र या वायरला टॉर्च निगेटिव्हवर लागते. गॅसवाल्या जोडणीवर, म्हणजे पॉझिटिव्हवर, तशीच ठेवली तर नुसते शिंतोडे उडतात आणि दोष वायरला जातो.

भोकं पडतच असतील तर अँपियर कमी करण्याआधी रॉडचा होल्डर निगेटिव्हला लावून बघा. ६०१३ नंबरचा रॉड तसाही चालतो आणि पत्र्यात कमी खोल शिरतो. सलग ओढू नका; टाका मारा, थांबा, दुसऱ्या टोकाला टाका मारा. मागे तांब्याची पट्टी धरली की उष्णता ती ओढून घेते.

आर्क मधेच तुटतो? मशीनला नावं ठेवण्याआधी लाईटची वायर बघा. शेतातल्या खोलीत आधीच व्होल्टेज कमी, त्यात पन्नास फूट बारीक वायर गुंडाळी न सोडता जोडलेली. किमान २.५ स्क्वेअर मिमीची वायर घ्या, लांब न्यायची तर ४ ची, आणि पूर्ण उलगडा. अर्थ क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावला तरी हेच होतं.

पिवळा दिवा लागून मशीन बंद पडलं, तर ते तापलंय. खोक्यावर ड्युटी सायकल ६० टक्के लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, आणि तेही बहुतेक ४० अंश हवेचा हिशोब धरून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. सकाळी काम करा, मशीन सावलीत ठेवा, दिवा लागला तरी मशीनचा पंखा चालू राहू द्या. जिनिंगजवळ असाल तर कापसाची तूस आत साचते, ब्लोअरने काढत जा.

आणि कूलरच्या पत्र्यावर बहुतेक जस्ताचा मुलामा असतो, हे विसरू नका. तो जळाला की पांढरा धूर येतो. छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त इंचभर घासून काढा, काम उघड्यावर करा, वारा पाठीमागून नको, बाजूने येऊ द्या. पोरांना जवळ उभं करू नका.