कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) दहा वर्षांचा हिशेब आधीच मांडून ठेवा

एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगारांना पीआरसाठी निवडण्याच्या कॅनडाच्या ऑनलाइन पद्धतीत, अर्जाचं आमंत्रण आलं की हातात फक्त 60 दिवस असतात, आणि फॉर्ममध्ये गेल्या 10 वर्षांचा तपशील मागतात. ऐन वेळी तारखा आठवत नाहीत.

त्यामुळे आमंत्रणाआधी, प्रोफाइल भरतानाच एक एक्सेल शीट करा.

1. दर महिन्याला एक ओळ: कुठे राहत होतात, काय करत होतात. मध्ये एकही महिना रिकामा नको. नोकरी नसेल तर तसं स्पष्ट लिहा. घरी बसून परीक्षेचा अभ्यास केला असेल तर तेही.

2. परदेशवाऱ्या वेगळ्या पानावर. जुने पासपोर्टही काढा. शिक्के पुसट असतील तर मेलमध्ये ‘पीएनआर’ शोधा, तिकिटं सापडतात.

3. ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, ती ओळ रंगवा. तिथलं पोलिस प्रमाणपत्र सहसा लागतंच, आणि खरा वेळ तिथेच जातो.

गॅप झाकायला नोकरीच्या तारखा मात्र अजिबात ताणू नका. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते.