लहान मुलाच्या लाकडी खेळण्याला पॉलिश कसे निवडावे?

घरी बनवलेल्या खेळण्याला कोणते पॉलिश द्यायचे, हे ते खेळणे हाताळणारे मूल केवढे आहे यावर ठरवावे. सहा महिन्यांच्या बाळाचा खुळखुळा दिवसभर तोंडात असतो, तर पांगुळगाड्याला घामट हात लागतात आणि तो भिंतींवर आपटतो. डब्यावर काय छापले आहे यापेक्षा, लेप पूर्ण वाळल्यानंतर लाकडावर नेमके काय उरते, हे पाहणे महत्त्वाचे.

प्रथम 120, मग 180 आणि शेवटी 220 नंबरच्या पॉलिशपेपरने लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने घासावे. नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. पाण्याने तूस उभे राहते. ते आताच हलक्या हाताने घासून काढले नाही, तर बाळाच्या लाळेने पुन्हा उभे राहते आणि गुळगुळीत वाटणारा खुळखुळा आठवड्यात खरखरीत होतो.

तोंडात जाणाऱ्या खेळण्यासाठी माझी पहिली पसंती लाखेला आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर कातावर (लाकूड गोल फिरवून कातण्याच्या यंत्रावर, म्हणजे लेथवर) फिरणाऱ्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पानाने तिला झळाळी आणली जाते. घरी कात नसेल, तर 100 मिलिलिटर स्पिरिटमध्ये 20 ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) रात्रभर विरघळवावा, गाळून घ्यावा आणि सुती बोळ्याने तीन-चार पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर तासभर थांबावे. स्पिरिट उडून जाते आणि मागे फक्त लाख उरते. मात्र हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅस, निरांजन यांपासून दूरच करावे.

ज्यांना लाकडाचा नैसर्गिक स्पर्श हवा आहे, त्यांनी जवसाचे कच्चे तेल वापरावे. ‘डबल बॉइल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात लवकर वाळण्यासाठी बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते टाळावे. पातळ थर देऊन वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसावे आणि पुढचे काही आठवडे धीर धरावा. वास येतो आहे तोवर तेल वाळलेले नाही. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नयेत, कारण वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात. स्वयंपाकातले शेंगतेल मात्र वाळतच नाही. मी एका पांगुळगाड्याला ते लावले होते आणि पावसाळ्यात त्याचा दांडा चिकट, काळपट होऊन खवट वास मारू लागला. शिवाय शेंगदाण्याची किंवा अक्रोडाची अ‍ॅलर्जी असणारी मुले असतात, हेही विसरू नये.

रंग द्यायचाच असेल, तर जुन्या डब्यातला उरलेला ऑइलपेंट वापरू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे, पण हा नियम 2017 मध्ये लागू झाला आणि त्याआधीच्या डब्यांची खात्री नाही. हळदीचा रंग सुंदर येतो, मात्र उन्हात लवकर उडतो.

खेळणे मुलाच्या हाती देण्यापूर्वी पांढरे ओले फडके त्यावर मिनिटभर जोराने घासावे. फडक्याला रंग लागला, तर लेप कच्चा आहे असे समजावे. लाखेवर पाणी साचून पांढुरका डाग पडल्यास घाबरण्याचे कारण नाही. नवा पातळ हात दिला की जुना थर त्यातल्या स्पिरिटने विरघळून त्याच्याशी एकजीव होतो आणि जुने पॉलिश खरवडावे लागत नाही.