जुन्या जिन मशीनचे आटे पाडण्याआधीची तयारी

पोळा आटोपला की कापसातून सरकी काढणाऱ्या जिनच्या जुन्या मशीनचे गार्ड उघडून झिजलेले नट-बोल्ट शोधायला घ्या. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की एका नटासाठी मशीन थांबवणे परवडत नाही, आणि तेव्हा आटे (नट-बोल्टचे पेच) पाडणाऱ्या लेथवाल्या टर्नरकडेही रांग असते.

जो बोल्ट बदलायचा त्याचा नटही सोबत ठेवा. झिजलेला तुकडा एकटाच टर्नरच्या हातात देऊन ‘असाच करून द्या’ म्हणू नका, झीजसुद्धा तशीच उतरून येईल. ज्या आट्यांवर नट कधी बसला नाही, म्हणजे टोकाचे किंवा डोक्याकडचे, तिथेच खरे माप मिळते. ती जागा दिसावी म्हणून तुकडा रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, आट्यांच्या तळातला मळ सुईने काढा. व्हर्नियरने माप त्यानंतर. आटे सुलटे (उजवीकडे फिरवून आवळणारे) की उलटे, हेही आत्ताच खडूने लिहून ठेवा.

पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर; ते तपासायच्या दातेरी पट्ट्या, म्हणजे पिच गेज, दोन हवेत, ५५ अंशांचे आणि ६० अंशांचे. इंग्लंडहून आलेल्या जुन्या यंत्रांचे आटे बहुतेक व्हिटवर्थ, ५५ अंशांचे. जोसेफ व्हिटवर्थने ते १८४१ मध्ये मांडले, त्याचा कारखाना मँचेस्टरला होता. आपली शकुंतला, म्हणजे यवतमाळची नॅरोगेज रेल्वे, १९९४ पर्यंत ओढणारे वाफेचे इंजिनही त्याच गावात १९२१ साली बनले होते. यंत्रे अशी इंग्लंडची, इंची मापाची, त्यामुळे इथे माप सुतात घ्यायचे; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुती बोल्टला इंचात १२ आटे, पाच सुतीला ११, सहा सुतीला १०, एक इंचीला ८. गेज लावून उजेडासमोर धरा, दाते आणि आटे यांच्यामधून उजेड येता कामा नये.

सहा सुतीचा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो. त्याचा व्यास १९.०५ मिमी आणि पिच २.५४ मिमी, तर बाजारातल्या एम-२० ची, म्हणजे २० मिमी बोल्टची, पिच २.५ मिमी. एम-२० चा नट त्यावर चढतो, फिरतो, बसल्यासारखा वाटतो. पण पकड अर्धवटच असते आणि मशीनच्या थरथरीत आटे सोलले जातात. असे नट कुठे बसवलेले दिसले तर तेही यादीत घ्या.

बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडीतल्या भोकाचे आटे गेले असतील तर नवा बोल्ट करून उपयोग नाही. भोक मोठे करून आट्यांचा बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) बसवायचा आणि बोल्ट मूळ मापाचाच ठेवायचा. त्यासाठी बुशचा गज आणि बाहेरच्या मापाचे तिन्ही टॅप (भोकात आटे पाडायची हत्यारे) आधीच जमवा. बोल्टला ईएन-८ पोलादाचा गज चांगला. चौकोनी आट्यांच्या स्पिंडलला (फिरत्या दांड्याला) नट गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या नरम मिश्रधातूचा करा, म्हणजे झिजेल तो नट, स्पिंडल नाही.

लेथवाल्याला आधीच विचारून घ्या की लीड स्क्रू (लेथचे टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंची आहे की मिमीचा. इंचात ४ आट्यांचा असेल तर ८, १२, १६ आटे पाडताना हाफ नट (टूलचा गाडा लीड स्क्रूला जोडणारा नट) कुठेही लावता येतो. १० किंवा ११ ला लेथच्या डायलची खूण पाळावी लागते. लीड स्क्रू मिमीचा असेल तर इंची आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट उघडायचाच नाही, मोटर उलटी फिरवून मागे यायचे. टूल ५५ अंशांचे घासलेले आणि टोक गोल हवे, कारण व्हिटवर्थचा तळ गोल असतो. अणकुचीदार तळातून बोल्ट लवकर तडकतो. थ्री फेज वीज कोणत्या वेळी असते ते पाहूनच काम लावा.

न झिजलेला एक नट लेथजवळ असू द्या आणि जॉब (करायला घेतलेला बोल्ट) लेथच्या पकडीत, चकमध्ये असतानाच तो चढवून बघा. एकदा जॉब काढला की पुन्हा त्याच आट्यात टूल धरायला फार वेळ जातो.