नवा ट्यूब ॲम्प, उसनी कॅबिनेट: या चुका टाळा

गिटारच्या ट्यूब ॲम्पचे (निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचे) नवे हेड, म्हणजे स्पीकर नसलेली ॲम्पची पेटी, घरात आले की पहिला आठवडा उसनवारीत जातो. मित्राकडचे वन-बाय-ट्वेल्व्ह (एका १२ इंची स्पीकरचे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी) आणले जाते, जॅम रूममधल्या फोर-बाय-ट्वेल्व्हवर (तसल्याच चार स्पीकरच्या कॅबिनेटवर) हेड ठेवून पाहिले जाते, कोणाच्या तरी बंद पडलेल्या कॉम्बोमधला (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या ॲम्पमधला) स्पीकरसुद्धा जोडून पाहिला जातो. ही हौस रास्तच आहे, कारण एकाच हेडचा आवाज कॅबिनेटगणिक ओळखू येऊ नये इतका बदलतो. मात्र ट्यूब ॲम्पमध्ये स्पीकर हा विद्युतमंडलाचाच शेवटचा भाग असतो आणि त्याचा विसर पडला की पुढच्या बहुतेक चुका घडतात.

स्पीकर जोडलेला आहे असे गृहीत धरणे

ज्यांचा हात ट्रान्झिस्टर ॲम्पवर बसला आहे, त्यांना स्पीकरविना चालू राहिलेल्या ॲम्पची धास्ती नसते; तिथे धोका असतो तो फार कमी ओहमच्या स्पीकरचा. ट्यूब ॲम्पमध्ये स्पीकर नसणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ईएल३४ किंवा ६एल६ यांसारख्या पॉवर ट्यूबना काही हजार ओहमचा भार लागतो, स्पीकर मात्र ४, ८ किंवा १६ ओहमचा असतो, आणि या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. स्पीकर जोडलेला नसताना जोरात वाजवले, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट उरत नाही, ट्यूबच्या बाजूचा व्होल्टेज भलताच चढतो, आणि सॉकेटमध्ये ठिणगी पडणे किंवा वेटोळ्यांचे इन्सुलेशन जळणे असे प्रकार होतात. फेंडरच्या अनेक ॲम्पमध्ये मुख्य जॅक रिकामा राहिल्यास तो आतल्या आत शॉर्ट होतो आणि काही अंशी संरक्षण मिळते, पण सगळ्या ॲम्पमध्ये ही सोय असेल असे धरून चालू नये.

ही चूक बहुधा केबल जोडायची राहून गेल्यामुळे होत नाही, ती अर्धवट बसल्यामुळे होते. माझ्याच बाबतीत केबल हेडच्या बाजूने नीट बसलेली होती, कॅबिनेटच्या बाजूने मात्र प्लग अर्धा बाहेर होता. स्पीकर गप्प होता आणि खुद्द हेडच्या पेटीतून डासाच्या गुणगुणण्याइतका बारीक, पण ओळखू येईल असा गिटारचाच आवाज येत होता. भाराविना काम करणारा ट्रान्सफॉर्मर असा ‘गातो’. अशा वेळी हात आपसूक व्हॉल्यूमच्या बटणाकडे जातो, आणि नेमके तेच करायचे नसते. ॲम्प ताबडतोब बंद करावा. कॅबिनेट बदलतानाही आधी व्हॉल्यूम शून्यावर आणावा, स्टँडबाय आणि नंतर पॉवर बंद करावी, अर्धा मिनिट थांबावे, केबल बदलावी आणि तिची दोन्ही टोके हाताने दाबून पाहावीत. हेडची पेटी उघडण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट टिकून राहू शकतात.

गिटारची केबल स्पीकरला लावणे

दोन्ही केबलचे प्लग दिसायला सारखेच, ६.३५ मिलिमीटरचे असतात, त्यामुळे हाताला लागेल ती केबल लावली जाते. ५० वॉटचे हेड ८ ओहमच्या कॅबिनेटला पूर्ण जोरात सुमारे अडीच अँपिअर प्रवाह पुरवते, आणि गिटारच्या केबलमधली केसासारखी बारीक मधली तार त्यासाठी बनवलेली नसते. ती तापते, शॉर्ट होते किंवा मध्येच तुटते, आणि तुटली की आपण वर सांगितलेल्या पहिल्या चुकीवरच येऊन पोहोचतो. स्पीकरसाठी दोन जाड, समांतर तारांची, शील्ड नसलेली केबल वेगळी ठेवावी आणि तिच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळावी.

ओहमच्या लेबलवर विश्वास ठेवणे

जुन्या कॅबिनेटमधले स्पीकर कधी बदलले गेले, हे मागच्या पाटीवरून कळत नाही. दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर ही शंका एका मिनिटात फेडतो. स्पीकर केबल कॅबिनेटला जोडावी, तिचे दुसरे टोक ॲम्पपासून मोकळे ठेवावे आणि प्लगचे टोक व दांडा यांमधला रोध मोजावा. मीटर डीसी रोध दाखवतो आणि तो नाममात्र इम्पीडन्सपेक्षा, म्हणजे लेबलवरच्या ओहमच्या आकड्यापेक्षा, थोडा कमी भरतो: ८ ओहमच्या कॅबिनेटवर साधारण ६ ते ७, १६ च्या कॅबिनेटवर १२-१३ आणि ४ च्या कॅबिनेटवर ३ च्या थोडे पुढे आकडा दिसतो. काहीच आकडा न आल्यास कॅबिनेटमध्येच कुठेतरी तार सुटलेली आहे, आणि ते हेडला लावण्याआधीच कळलेले बरे.

मार्शल १९६०ए सारख्या कॅबिनेटच्या मागच्या पाटीवर आणखी एक सापळा असतो. मोनोमध्ये तिथे ४ आणि १६ ओहमचे वेगवेगळे जॅक आहेत, आणि स्विच स्टीरिओवर केला की प्रत्येक बाजू ८ ओहमची होऊन एका केबलवर निम्मेच स्पीकर वाजतात. दोन कॅबिनेट एकाच वेळी लावायची असतील तर ती सहसा समांतर जोडली जातात, म्हणजे १६ ची दोन मिळून ८ आणि ८ ची दोन मिळून ४ होतात. एक ८ चे आणि एक १६ चे जोडल्यास एकूण ५.३ ओहम होतात आणि दोन तृतीयांश शक्ती ८ ओहमच्या कॅबिनेटकडे जाते. मग तुलना कसली करायची?

हेडवरचा ओहमचा निवडस्विच आणि कॅबिनेट यांच्यात निमपट किंवा दुपटीचा फरक पडला तर बरेच ॲम्प तो काही काळ सोसतात. कमी ओहमवर ट्यूबमधून जास्त प्रवाह जाऊन त्या लवकर झिजतात, जास्त ओहमवर व्होल्टेजचा ताण वाढतो. यांतला कमी वाईट पर्याय कोणता, यावर दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये वाद आहेत. नव्या हेडवर तो वाद तपासून पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

वॉटचा हिशेब कागदावर करणे

५० वॉटचे हेड म्हणजे साधारणपणे ५० वॉट स्वच्छ आवाज. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे आवाज फाटेपर्यंत, ढकलल्यावर ते त्याहून बरेच जास्त देते. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर २५ वॉटचा आहे. असे चार असलेल्या कॅबिनेटवर हे हेड निर्धास्त वाजवता येते, पण तोच एकटा ग्रीनबॅक असलेल्या वन-बाय-ट्वेल्व्हवर एका संध्याकाळीत व्हॉइस कॉइल (स्पीकरमधले तारेचे वेटोळे) जळू शकते.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज असे समजणे

सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच शक्तीवर तो किती मोठ्याने वाजतो त्याचे माप) १०० डेसिबल आहे आणि जी१२टी-७५ ची ९७. हा ३ डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पची शक्ती दुप्पट केल्यासारखा असतो, त्यामुळे व्हॉल्यूम तसाच ठेवून केबल बदलली की पहिला स्पीकर ‘उठावदार’ वाटणारच. प्रत्येक कॅबिनेटसाठी आवाज कानाने, जमल्यास फोनवरच्या डेसिबल मीटरने, सारखा करून घ्यावा आणि मगच मत बनवावे.

उंचीचेही तसेच आहे. १२ इंची स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत झोतासारखे जातात. जमिनीवरचे वन-बाय-ट्वेल्व्ह तुमच्या गुडघ्यांना ऐकवत असते, तर फोर-बाय-ट्वेल्व्हचे वरचे दोन स्पीकर त्याहून वर असतात. बसून ऐकले किंवा छोटे कॅबिनेट खुर्चीवर ठेवले की ‘मंद’ म्हणून नाकारलेला आवाज पुष्कळदा टोचायला लागतो. मागून उघडे कॅबिनेट भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढावे, कारण त्याचा निम्मा आवाज भिंतीवरूनच परत येतो. १९५९ च्या फेंडर बासमन ॲम्पचे मंडल जवळजवळ तसेच उचलून १९६२ मध्ये लंडनमध्ये मार्शलचा जेटीएम४५ तयार झाला. ट्यूब आणि सुटे भाग वेगळे होतेच, पण मागून उघड्या पेटीतल्या चार १० इंची जेन्सन स्पीकरऐवजी बंद पेटीतले चार १२ इंची सेलेस्टियन आले, हाही त्या वेगळ्या आवाजाचा मोठा भाग होता.

दोन कॅबिनेट एकत्र लावल्यावर खर्ज अचानक नाहीसा झाला, तर ॲम्पला दोष देऊ नये. एका कॅबिनेटची तार उलटी असते आणि दोघांचे पडदे विरुद्ध दिशेने हलतात. केबल ॲम्पपासून सोडवून तिच्या मोकळ्या प्लगच्या टोकाला ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन आणि दांड्याला ऋण टोक क्षणभर टेकवावे. एकाचा पडदा बाहेर आला आणि दुसऱ्याचा आत गेला, तर कारण सापडले.

अमेरिकेहून आणलेले हेड थेट भिंतीत लावणे

नातेवाइकाने बॅगेतून आणलेले हेड १२० व्होल्टचे असू शकते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. मागे व्होल्टेज स्विच असेल, तर त्याबरोबर फ्यूजही माहितीपुस्तिकेप्रमाणे कमी अँपिअरचा घालावा लागतो. स्विच नसेल, तर किमान ३०० ते ५०० व्हीएचा, तीन पिनांचा आणि अर्थिंग पुढे नेणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. दोन पिनांच्या स्वस्त कन्व्हर्टरवर ट्यूब ॲम्प चालवून गिटारच्या तारांना हात लावणे ही आवाजाची नव्हे, जिवाची बाब आहे.

शेवटी खडखडाटाबद्दल. ठरावीक स्वरावर काहीतरी खडखडले की संशय आधी ट्यूबवर जातो आणि नवा संच मागवला जातो. त्याआधी हेड कॅबिनेटवरून उतरवून शेजारच्या खुर्चीवर ठेवावे आणि तोच स्वर तितक्याच जोरात वाजवावा. खडखड थांबली, तर कॅबिनेटचे हादरे हेडला पोहोचत होते. अशा वेळी पेन्सिलीच्या टोकाने एकेक प्रीॲम्प ट्यूब (पॉवर ट्यूबच्या आधीची छोटी ट्यूब) हलकेच टिचकावून कोणती किणकिणते ते पाहावे. खडखड चालूच राहिली, तर ट्यूबना हात न लावता कॅबिनेटचे हँडल, मागच्या फळीचे स्क्रू आणि ग्रिलची पट्टी आवळावी.